फटीतली घोरपड

काशिनाथ मास्तरांना दोन गोष्टींचा फार अभिमान होता. एक त्यांचं वळणदार अक्षर आणि दुसरी त्यांची शुद्ध भाषा. इन्सुलीच्या शाळेतून बदलून ते कांदळबंदरला हेडमास्तर म्हणून आले त्याला नऊ वर्षं झाली होती, पण तेवढ्या काळात त्यांच्या तोंडून 'माका' किंवा 'तुका' असा शब्द गावात कुणी ऐकला नव्हता. घरी बायको, आनंदी, त्यांच्याशी मालवणीत बोलायची आणि मास्तर तिला क्रमिक पुस्तकातल्यासारखी उत्तरं द्यायचे. ती म्हणायची, "सोलकढी होई काय?" मास्तर म्हणायचे, "थोडी वाढलीस तर हरकत नाही."

गावात एक वाचनालय होतं. दाजी नाईकांच्या दुकानाला लागून असलेली एक खोली, त्यात दोन कपाटं, एक लांब बाक आणि मुंबईहून दोन दिवस शिळं होऊन येणारं वर्तमानपत्र. दाजी अध्यक्ष, मास्तर चिटणीस. सभासद एकवीस, पण त्यातले बरेचसे दुपारच्या वाऱ्याला येऊन बाकावर आडवे व्हायचे. लोकांच्या डोक्याला काही चालना द्यावी म्हणून १९५८ सालच्या शिमग्यानंतर मास्तरांनी एक युक्ती काढली. शाळेतला एक जुना फळा त्यांनी वाचनालयाच्या ओटीवर आणून टांगला आणि शनिवारी सकाळी त्यावर सुरेख अक्षरात लिहिलं:

'जनावर ओळखा. अरे, डाक आली! आता चिखलात लोळायला मोकळा.'

आठवडाभर कुणाला काही उमगेना. कुणी डुक्कर म्हणालं, कुणी बेडूक. पुढच्या शनिवारी मास्तरांनी ओटीवर उभं राहून उत्तर फोडलं. 'अरे'मधला 'रे' घ्या, 'डाक'मधला 'डा' घ्या. रेडा! जनावर वाक्यातच आहे, दोन शब्दांच्या फटीत दडलंय. बाहेर कशाला शोधता?

लोक खूश झाले. नाराज झाला तो फक्त बाबली पोस्टमन. त्या दिवसापासून तो पिशवी घेऊन कुठल्याही वाडीत शिरला की कुणीतरी माडाआडून ओरडायचं, "अरे, डाक!" आणि सगळी वाडी खो खो हसायची.

"मास्तरानू," बाबली येऊन म्हणाला, "वीस वर्सां सरकारची खाकी अंगार घातलंय. अजून माका कोणी रेडो म्हणाक नव्हतो."

"बाबली, हा निव्वळ शब्दांचा खेळ आहे," मास्तर म्हणाले.

"खेळ तुमचो, रेडो मी," बाबली म्हणाला आणि गेला.

नंतरच्या शनिवारी फळ्यावर आलं, 'कृपा लक्ष्मीची, भिंतीला चिकटून आहे.' उत्तर होतं पाल. दाजी नाईकांच्या बायकोचं नाव लक्ष्मी, हे मास्तरांच्या ध्यानातच राहिलं नाही. लक्ष्मीबाईंनी वाचनालयात रोज चार वाजता येणारा चहा बंद केला, तो पुढे गणपतीपर्यंत बंदच होता. दाजी बिचारे मधल्यामध्ये अडकले. पण फळ्यासमोर गर्दी मात्र वाढायला लागली. माणसं कोड्याशी झटायची, डोकं खाजवायची, आणि मास्तर आतून कपाटाच्या काचेत त्यांची प्रतिबिंबं बघत बसायचे. दहातला एखादा उत्तर काढायचा, तेही बुधवार-गुरुवारपर्यंत. हे आपल्या बुद्धीचं तेज, असं मास्तरांना वाटे.

मग त्यांना आणखी चेव आला. त्यांनी बक्षीस लावलं. जो कुणी पुढचं कोडं पहिल्यांदा सोडवील त्याला वर्षभर वाचनालयाचं फुकट सभासदत्व. आणि कोडंही तसंच जबरदस्त घातलं:

'धाकटा मुलगा बोटीने परगावी गेला, मागे आईच्या जिवाला घोर पडला. तिने भिंत घट्ट धरली.'

तीन आठवडे गेले. कुणी कोळी म्हणालं, कुणी मांजर, दाजींनी तर अध्यक्ष या नात्याने गोगलगाय सांगितली. मास्तर नुसते मान हलवायचे आणि मिशीत हसायचे.

चौथ्या सोमवारी सकाळी राधाबाई मासळीची टोपली घेऊन त्या वाटेने चालली होती. राधाबाई गाबतीण. नवरा दर्यात बुडून गेलेला, एकुलता एक झील, म्हणजे मुलगा, गंगाराम मुंबईला गोदीत कामाला. पंचेचाळिशी उलटली होती, पण बंदरावरून निघाली की कुणाला तिच्या बरोबरीने चालता यायचं नाही. ओटीवर बाबली चारपाच जणांना कोडं मोठ्याने वाचून दाखवत होता. रेड्याचा सूड उगवायचा तर बक्षीस मारायचं, असं त्याने ठरवलं होतं. राधाबाई सहज थांबली. मुलगा बोटीने गेला हे ऐकूनच थांबली असेल.

"बाबल्या, तां परत वाच बघू," ती म्हणाली.

बाबलीने परत वाचलं.

"घोरपड," राधाबाई म्हणाली, आणि टोपली सावरून चालायला लागली.

"काय गो?"

"घोरपड म्हणतंय! आवशीच्या जिवाक घोर-पड-ला. ह्याच तू मगाधरना वाचतंस मां? मेल्या, तुका आपला ऐकाक येणा नाय?"

आतमध्ये मास्तरांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली पडलं.

संध्याकाळी वाचनालयात बैठक बसली. दाजींचं मत असं की कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, एवढंच. बाई अंगठेबहाद्दर, तिला सभासदत्व दिलं तर उद्या लोक हसतील. मास्तरांनाही ते पटलं, कारण तसं पटणं सोयीचं होतं. तिची परीक्षा घ्यायची ठरली.

दुसऱ्या दिवशी मासळी विकून राधाबाई आली तेव्हा ओटीवर निम्मं गाव जमलं होतं. मास्तरांनी घसा खाकरून पहिलं कोडं वाचलं. "पाहा याची अदब, गळा लांब, ध्यान मासळीत."

"बगळो," राधाबाई म्हणाली. "ध्यान मासळीत म्हणाक नको होता. त्याशिवाय पण ऐकाक येता."

"दिवस सारा पळण्यात गेला."

"ससो."

मास्तरांना घाम फुटला. त्यांनी खिशातली चिठ्ठी काढली. ही त्यांनी आणीबाणीसाठी राखून ठेवली होती. "बाबो! काय..."

"बोको," राधाबाई म्हणाली.

"मला वाक्य पुरं तरी करू द्या!"

"पुरा करा. दूध पितलो तो, दुसरा काय करतलो?"

मास्तरांनी चिठ्ठीकडे पाहिलं. पुढे 'दूध प्यायला हा!' असंच होतं. गावाने टाळ्या वाजवल्या. बाबलीने सगळ्यांत जास्त वाजवल्या.

"पण तुला कळतं कसं गं?" दाजींनी विचारलं.

राधाबाईला यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना. "तुमी फळ्याकडे बघतास, म्हणान थंय तुमका फटी दिसतत. ह्यो एक शबुद, तो दुसरो शबुद. माका खंय दिसतत फटी? माझ्या कानात सगळा सरळ येता, दोरी कशी."

तीस वर्षं मास्तर मुलांना वाचायला शिकवत होते. एवढी साधी गोष्ट त्यांच्या लक्षात कधी आली नव्हती.

गुरुवारी दुपारी राधाबाई बक्षीस न्यायला आली. वाचनालयात मास्तर एकटेच होते. त्यांनी खुर्ची पुढे केली, पण करण्याआधी तिच्यावर जुन्या वर्तमानपत्राचं पान पसरलं. राधाबाईने ते पान पाहिलं.

"नको, मास्तरानू. माका सवय आसा जमनीर बसाची," ती म्हणाली आणि खाली बसली. "आमचा काय, अर्धो जीव दर्यात नि अर्धो वाळयेर."

मास्तर ओशाळले. त्यांनी सभासदांची वही उघडली आणि नाव लिहू लागले.

"ऱ्हवांदे तां," राधाबाई म्हणाली. "मेंबर होवन मी करू काय? पुस्तकां हुंगू? माका बक्षीस बदलून होया."

"बदलून म्हणजे?"

"माका वाचूक शिकवा. झिलाची पत्रां येतत. बाबली वाचता तेव्हा सगळी वाडी कान लावन बसता. झिलाक ताप इलो तरी माझ्या आधी शेजारणीक कळता."

मास्तरांनी वही मिटली. या वयात ते कठीण असतं, आपल्याला वेळ कुठे, शाळा, वाचनालय, शिवाय बक्षिसाचा नियमही तसा नाही, असं त्यांनी बरंच काही सांगितलं. खरं कारण त्यांनी सांगितलं नाही. ज्या बाईने आपली चार कोडी चार शेंगांसारखी सोलली, तिच्यासमोर रोज बसायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

राधाबाईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग ती हसली.

"मगे असा करूया. हंय इल्यापासून मी जां काय बोललंय, त्यात एक जनावर इला. माझा माकाच मगे ऐकाक इला. तुमी तां शोधा. आयतवारपर्यंत गावला तर मी बक्षीस सोडलंय. नाय गावला तर शिकवा."

मास्तरांचा चेहरा उजळला. आठदहा वाक्यं बोलली असेल बाई. त्यात काय शोधायचं? "ठरलं," ते म्हणाले.

ती गेल्याबरोबर त्यांनी वहीत तिचं एकूण एक वाक्य आठवून उतरवून काढलं. सुरेख अक्षरात, समासबिमास सोडून. शुक्रवार त्यांनी त्या पानावर घालवला. प्रत्येक फटीतून पेन्सिल फिरवली. काही सापडेना. शनिवारी फळ्यावर नवीन कोडं लिहायलाही ते विसरले. वर्गात मुलांना त्यांनी पाढे म्हणायला लावले आणि स्वतः खिडकीबाहेर बघत ओठ हलवत राहिले. शनिवारी दुपारी जेवताना भात तसाच ठेवून ते आनंदीला म्हणाले, "ती म्हणाली होती, 'मला वाचायला शिकवा.' यात काही दिसतं का गं तुला?"

"नाय."

"मग हे ऐक. 'नको, मास्तर. मला जमिनीवर बसायची सवय आहे. आमचं काय, अर्धा जीव समुद्रात आणि अर्धा वाळूवर.'"

आनंदी कढीत पळी घालता घालता थांबली. "ती अशी बोलली? राधाबाय? 'मला' म्हणाली?"

"छे. ती आपल्या त्या भाषेत म्हणाली. मी शुद्ध करून घेतलं."

"शुद्ध करून," आनंदी म्हणाली. तिने ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा आपल्या भाषेत घोळवलं असावं, कारण एकदम पदर तोंडाला लावून ती हसायला लागली. हसता हसता पाटावरून उठून चुलीकडे गेली आणि तिथेही हसत राहिली.

"सापडलं का तुला? सांग ना!"

"माका काय विचारतास? मी काय चिटणीस आसंय?"

मास्तरांनी विनवलं, रागावून पाहिलं, कसालला तिच्या माहेरी चार दिवस पाठवायचंही कबूल केलं. आनंदी बधली नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि इतक्या वर्षांत ती या माणसाची चूक कधी दाखवायला गेली नव्हती. आता ती आयतीच चालून आली होती, तर तिला ती पुरती बघायची होती.

रविवारी राधाबाई आली. मास्तर वही उघडून बसले होते आणि त्यांचे डोळे लाल झाले होते.

"नाही सापडलं," ते म्हणाले. हे दोन शब्द म्हणायला त्यांना सगळी सकाळ लागली होती.

"तुमी माका खुर्ची दिलास, तेव्हा मी काय म्हटलंय?"

"मला सवय आहे."

"तसा नाय. मी म्हटलंय तसा म्हणा."

मास्तरांनी इकडे तिकडे पाहिलं. ओटीवर कुणी नव्हतं. मग नऊ वर्षांत पहिल्यांदा, खालच्या आवाजात ते म्हणाले, "माका सवय आसा."

"परत म्हणा. झपाट्यान."

"माका सवय... मा-कासव-य..." मास्तर थबकले. त्यांनी वहीत पाहिलं. तिथे सुरेख अक्षरात 'मला सवय आहे' असं लिहिलं होतं, आणि त्या वाक्यात कासव काय, मुंगीसुद्धा नव्हती.

"अर्धो जीव दर्यात, अर्धो वाळयेर," राधाबाई म्हणाली. "खूण पण सांगितलंय. तुमी त्याका धुवून काढलास, तां पळाला."

मास्तर आधी कानापर्यंत लाल झाले, आणि मग त्यांना हसू आवरेना. ते इतके हसले की शेजारच्या दुकानातून दाजी धावत आले.

पावसाळा तोंडावर आला होता. होड्या वर ओढल्या गेल्या, मासळी थांबली, आणि राधाबाईला दुपार मोकळी झाली. वाचनालयाच्या मागच्या पडवीत शिकवणी सुरू झाली. ब बदकाचा म्हटल्यावर राधाबाई म्हणाली, "बदक मी बघूक नाय, बांगडो बघलंय." तेव्हापासून ब बांगड्याचा झाला. इ इसवणीचा, म्हणजे सुरमईचा, झाला. झ झबल्याचा काही तिला चालेना. "झ झिलाचो," ती म्हणाली, आणि ते अक्षर तिने पाटीवर असं गिरवलं की पाटीचा कोपरा झिजला.

अक्षरं ती भराभर शिकली. एकच गोष्ट तिच्या हाताला वळेना. दोन शब्दांमध्ये ती जागा सोडायची नाही. मास्तर सांगून सांगून थकले.

"शब्द संपला की एक बोट जागा सोडावी, राधाबाई."

"बोलताना आपण सोडतव?"

"बोलणं वेगळं, लिहिणं वेगळं."

"कित्या वेगळा?"

वाचनापुरतं ती फटी सोसायची, स्वतः लिहिताना मात्र सगळं दोरीसारखं सरळ जायचं.

नवरात्रात गंगारामचं पत्र आलं. बाबलीने सवयीप्रमाणे खळ्यात उभं राहून पाकीट फोडायला घेतलं, तसा राधाबाईने पत्र मागायला हात पुढे केला. "हाड हंय."

ती पायरीवर बसली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचू लागली. बाबली जाईना. तो एकदा डावीकडे झाला, एकदा उजवीकडे. पाऊण तास लागला. मग राधाबाईने मान वर केली.

"बाबल्या, ह्यात इसवणीचा खंय आसा?"

"कसली इसवण?"

"दर पत्राच्या शेवटाक तू वाचतंस, 'बाबलीभाऊक ताजी इसवण देत जा, ते आपलेच आसत.' ह्या पत्रात नाय तां."

"विसारलो असतलो तो, ह्या टायमाक," बाबली म्हणाला, पण त्याची नजर पायाच्या अंगठ्यावर गेली होती.

राधाबाई आत गेली, पत्र्याच्या पेटीतली तीन वर्षांची पत्रं घेऊन तडक मास्तरांकडे गेली. दोघांनी मिळून ती सगळी चाळली. इसवणीचं नाव एकातही नव्हतं. तीन वर्षं, महिन्याला एक, म्हणजे छत्तीस इसवणी बाबलीने नुसत्या वाचनावर खाल्ल्या होत्या. मास्तरांना हसू येत होतं, पण राधाबाई हसत नव्हती. तिचं बोट ताज्या पत्रातल्या एका ओळीवर थांबलं होतं. ती ओळ तिने मास्तरांकडून पुन्हा वाचून घेतली.

'तू प्रत्येक पत्री लिहितेस की इकडील काळजी नसावी, येण्याची घाई करू नये. म्हणून यंदाही गणपतीला रजा घेतली नाही.'

"ह्या मी कधी सांगलंय?" राधाबाई म्हणाली. "मी दर पत्रात लिवूक सांगतंय, ये रे बाबा एकदा, तोंड दाखव. बाबल्याक बोलवा."

बाबली आला. इसवणीची शिक्षा होणार म्हणून तो आधीच अर्धा झाला होता. पण हा प्रश्न ऐकून तो खरोखर चकित झाला.

"अगो, पत्रात तसाच लिवतत! इकडील सर्व क्षेम, काळजी नसावी, घाई करू नये. सगळ्यांच्या पत्रात मी तसाच लिवतंय. ती पत्राची रीत आसा."

"नि इसवण?"

बाबलीने डोकं खाजवलं. "ती वाचणाऱ्याची रीत."

राधाबाईने हातातली पत्रांची गड्डी त्याच्या पाठीत घातली. एकदाच घातली. मग ती म्हणाली, "एक कार्ड दी माका. मी लिवतंय."

ते कार्ड तिने मास्तरांना दाखवलं नाही. आपल्या झिलाचं पत्र दुसऱ्याने का बघावं? त्यासाठीच तर ती शिकली होती. शुद्ध मात्र लिहिलं, मास्तरांचा मान राखून. इवलंसं कार्ड, सांगायचं पुष्कळ, त्यामुळे एक टिंबभर जागाही तिने वाया घालवली नाही.

कार्तिकातल्या एका सकाळी मुंबईची आगबोट लागली आणि पडावातून गंगाराम उतरला. त्याच्या एका हातात लोखंडी टोकाची काठी होती, दुसऱ्या हातात रॉकेलचा रिकामा डबा, आणि गळ्यात विजेरी लटकत होती. किनाऱ्यावर भेटेल त्याला तो विचारत होता, "आये बरी आसा मां? गावलो काय तो?" लोकांना वाटलं, मुंबईने पोराचं डोकं फिरवलं.

वाचनालयाजवळ पोचेपर्यंत त्याच्या मागे पन्नास माणसं झाली होती. राधाबाई तिथेच फळ्यासमोर उभी होती. झिलाला बघून तिच्या डोक्यावरची टोपली खाली आली.

"आये!" गंगाराम ओरडला. "वाघ खंय आसा?"

"कसलो वाघ?"

गंगारामने खिशातून कार्ड काढलं आणि मास्तरांच्या हातात दिलं. "वाचा, मास्तरानू. माझ्या मुकादमानसुद्धा वाचल्यान, नि पंधरा दिवसांची रजा दिल्यान."

मास्तरांनी चष्मा लावला. कार्डावर लिहिलं होतं:

चिगंगारामयासआशीर्वादमीबरीआहे
कालबाबलीचीपाडीगेलीमलाझोपनाहीदे
वाघराकडेलक्षअसूदेतूलौकरये

मास्तरांनी ते एकदा मनात वाचलं. मग फटी घालून वाचलं. काल बाबलीची पाडी गेली. ती कालवड ताप येऊन मेली होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मला झोप नाही. देवा, घराकडे लक्ष असू दे. पण 'दे' ओळीच्या टोकाला राहिला होता, आणि खालच्या ओळीच्या तोंडाशी वाघ येऊन बसला होता.

"आवस नवशिकी, एक 'घ' खाल्ल्यान असतलो म्हटलंय," गंगाराम सांगत होता. "वाघ, घराकडे लक्ष! बाबल्याची पाडी नेल्यान, आता आमच्या घराकडे त्याचा लक्ष. मी तसोच निघालंय."

मास्तरांनी तोंड उघडलं. शब्दांमध्ये एक बोट जागा का सोडावी, यावर त्यांच्याजवळ आता फार चांगलं उदाहरण होतं. पण त्यांचं लक्ष राधाबाईकडे गेलं. ती झिलाच्या पाठीवरून, खांद्यावरून, हातातल्या डब्यावरून सुद्धा हात फिरवत होती आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

मास्तरांनी कार्डाची घडी घातली. "गेलो तो वाघ," ते भर लोकांत म्हणाले. "पण माका वाटता, परत येतलो. तू रजा संपेपर्यंत ऱ्हव."

पन्नास माणसं मास्तरांकडे बघायला लागली. दाजी नाईकांना आपण नीट ऐकलं की नाही अशी शंका आली. गर्दीत मागे उभ्या असलेल्या आनंदीला मात्र कसलीच शंका आली नाही.

गंगाराम पंधरा दिवस राहिला. घराची कौलं त्याने शाकारली, आईच्या हातचं तिखलं खाऊन दोन शेर वजन वाढवलं. बाबलीनेही प्रायश्चित्त म्हणून त्याला वाघाच्या पावलांचे ठसे दोन ठिकाणी दाखवले. निघताना गंगारामने दर वर्षी एकदा यायचं वचन दिलं, पण मुंबईला गेलेल्या माणसाच्या वचनावर राधाबाईचा फारसा भरवसा नव्हता.

माघ महिन्यात ती वाचनालयात आली. खुर्ची रिकामी होती, तिच्यावर वर्तमानपत्र पसरलेलं नव्हतं. राधाबाई तीत ऐसपैस बसली आणि कनवटीचं कोरं कार्ड काढून तिने टेबलावर ठेवलं.

"मास्तरानू, शिमग्याक झिलाक हाडूचो आसा."

"मग ये म्हणून लिहा की त्याला."

"लिवतंय. पण वाघ येवन गेलो, आता परत त्याका कोण भिता? दुसरा कायतरी होया. दांडगा." ती पुढे वाकली. "गव्याक कसा वाक्य होयत, बघा."

मास्तरांनी दार लोटून घेतलं आणि पेन्सिलीला टोक काढायला बसले.